सगुणाबाईंचा मोर्सचा वर्ग

महेशचा फोन आला तेव्हा सगुणाबाई भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. हात ओले होते, म्हणून फोन त्यांच्या यजमानांनी, महिपतींनी उचलला आणि बायकोच्या कानाशी धरून उभे राहिले.

"बाई, येत्या रविवारी मीटिंग आहे आणि तुम्हीच बोलायचंय," महेश म्हणाला. "परीक्षेतलं मोर्स काढायला निघालेत."

"कोण काढतंय?"

"हौशी रेडिओ संघटनेचं पत्र आलंय. मोर्स ठेवायचं की काढायचं, प्रत्येक मंडळानं आपलं मत लेखी कळवायचं. तुमच्या सहीशिवाय आपलं पत्र जाणार नाही."

सगुणाबाईंच्या हातातला वाल परातीबाहेर गेला. फोन बंद झाल्यावरही त्या तशाच बसून राहिल्या.

"काय गो, कोन गेला?" महिपतींनी विचारलं.

"कोणी गेलं नाही."

"तोंड तर तसाच झालाय तुजा."

सगुणाबाई भोईर मूळच्या जांभूळ गावच्या. लग्न होऊन बदलापूर गावात आल्या. महिपती जांभूळच्या पाणीकेंद्रावर पंप चालवायचे, आणि सगुणाबाई उल्हासनगरच्या तार ऑफिसात. मराठी शाळेत अकरावी झालेली, आगरी घरातली मुलगी तार ऑफिसात लागली याचं त्या काळी गावाला एवढं नवल वाटलं होतं, की बायका मुद्दाम विचारायच्या, "गो सगुणे, तू तारेवर बसतस म्हंजी नक्की कुठं बसतस?"

इंग्रजी त्यांना बोलता यायचं नाही, आजही येत नाही. पण इंग्रजीची सव्वीस अक्षरं त्यांच्या कानात अशी मुरली की विचारू नका. तार ऑफिसात यंत्र कट्-कट् वाजायचं. लांब कट् नि आखूड कट्, त्यांची जुळणी म्हणजे मोर्स. समोर कापडाचा एखादा सिंधी व्यापारी "बहन, जल्दी भेजो, सूरत से माल छूट जाएगा" म्हणून काउंटरवर बोटं आपटत असायचा, शेजारी दोघी जणी लोणच्याच्या मसाल्यावर वाद घालत असायच्या, आणि सगुणाबाई येणारी तार ऐकून सरळ अक्षरात उतरवत असायच्या. कुठे थांबणं नाही, खाडाखोड नाही. कुणाचा बाप गेला, कुणाला मुलगा झाला, हे त्या घरच्या माणसांच्या आधी सगुणाबाईंना कळायचं. ऐकलेलं पोटात ठेवायचं आणि सोमवारी शंकरापुढे उभं राहिल्यावर त्या अनोळखी माणसांसाठी दोन शब्द बोलायचे, एवढंच त्या करायच्या.

पुढे यंत्रं बदलली, मोर्स मागे पडलं. सगुणाबाई पावत्या फाडायला लागल्या.

सव्वीस जुलैचा पूर येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षी महेश तार ऑफिसात आला. तेव्हा तो कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचा. "इथे मोर्स येणारं कोणी आहे का?" असं त्याने विचारलं आणि सगळ्यांनी सगुणाबाईंकडे बोट दाखवलं. पुरात फोन बंद पडले तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले, हे त्याने ऐकलं होतं. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, घरी सेट बसवायचा आणि जगात कुणाशीही बोलायचं, अशी ती हौस. लहान परवान्याला मोर्स लागत नाही; पण त्यावर जवळपासच बोलता येतं. दूर देशी पोचायचं तर मोठा परवाना हवा, आणि त्याला मोर्स. मिनिटाला आठ शब्द घ्यायचे, आठ पाठवायचे.

"आठ?" सगुणाबाई तेव्हा हसल्या होत्या. "आठ शब्दांत तर मी चहा पिऊन येईन."

महेश त्यांचा पहिला विद्यार्थी. त्याच्याबरोबर बाईंनीही परीक्षा दिली. तार ऑफिसात कट्-कट् होती, इथे शिट्टीसारखा आवाज. पहिले आठ दिवस त्यांच्या कानाला ते सोसेना, मग सोसलं. महेश पास झाला, नारळ घेऊन आला, बाईंच्या पाया पडला आणि नारळ त्यांच्या कीला लावला. की म्हणजे बोटाने दाबायची पितळी पट्टी. ती दाबली की बझर वाजतो. तेव्हापासून ती रीतच पडली. जो पास होईल त्याने नारळ आणायचा, कीला लावायचा, फोडून खोबरं सगळ्यांना वाटायचं.

वर्ग दर रविवारी सकाळी, बाईंच्या घरी, पुढच्या खोलीत. अंबरनाथहून, उल्हासनगरहून, वांगणीहून मुलं यायची. मुलं म्हणजे काय, त्यांत चाळिशीचे बापही होते आणि गुडघे धरून चढणारे एक निवृत्त फोरमनही. हवेवर देवाधर्माचं काही पाठवायचं नाही, हे बाईंनीच शिकवलेलं. पण वर्गातला बझर घरचा. त्यावर त्या सुरुवातीला ‘ओम नमः शिवाय’ वाजवायच्या, इंग्रजी अक्षरांत. ते ऐकलं की सगळ्यांनी उभं राहायचं, हात जोडायचे, आणि बाई ‘बसा’ म्हणेपर्यंत बसायचं नाही.

बारा वर्षांत एकेचाळीस जण पास झाले. एकही नापास नाही. उल्हासनगरात म्हणे एकजण पैसे घेऊन शिकवायचा, त्याचे निम्मे पडायचे. बाईंनी कधी चहाचेही पैसे घेतले नाहीत. तार बंद झाली तेव्हा लोकांनी विचारलं, वाईट वाटलं का? बाई म्हणाल्या, "ऑफिस बंद झालं. मोर्स कुठे बंद झालंय? माझी एकेचाळीस माणसं आहेत ना."

तेव्हा ती सदतीस होती, पण ते असो.

रविवारी बाई लवकर निघाल्या. मीटिंग अंबरनाथच्या शिवमंदिराजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. आधी मंदिरात गेल्या. गाभाऱ्यात उतरायच्या पायऱ्या त्यांना आता जड जातात. एकेक पाऊल टेकवत उतरल्या. खाली गार होतं, बेलाचा ओला वास होता. बाई देवाकडे स्वतःसाठी सहसा काही मागत नाहीत. त्या दिवशी मागितलं. म्हणाल्या, एवढं एक राहू दे. माझ्यामागे हे जिवंत राहील असं काहीतरी कर.

हॉलमध्ये चौतीस माणसं जमली होती. त्यातली एकोणतीस बाईंची. कोणी पाया पडलं, कोणी पिशवी हातातून घेतली. महेश आता रेडिओ मंडळाचा अध्यक्ष होता, पोट थोडं सुटलं होतं. स्वप्नाली चिटणीस, तिने पत्र टाइप करूनच आणलं होतं. स्वप्नाली बदलापूरचीच, बँकेत नोकरीला, बाईंची एकविसावी.

"बाई, सगळ्यात वर तुमचं नाव घातलंय," ती म्हणाली. "फक्त सही करा. चर्चा आपली नावापुरती."

"विरोधात कोणी आहे का?"

"आहे ना एक. दिपेश. मागे बसलाय बघा."

बाईंनी पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. दिपेश म्हणजे उल्हासनगरात एसी दुरुस्तीचं दुकान असलेला पोरगा. चार वर्षांपूर्वी वर्गाला आला होता. पाच रविवार आला आणि सुटला. बाईंना आठवत होतं, पाचव्या रविवारी त्याने विचारलं होतं, "बाई, पास झाल्यावर बोलायचं कोणाशी?" बाई म्हणाल्या होत्या, "आधी पास हो, मग कोणाशी ते बघू." पुढच्या रविवारी तो आला नाही. मुलांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "त्याला कानच नाही."

चर्चा सुरू झाली. महेश चांगलं बोलला. कष्टाशिवाय मिळतं त्याची किंमत राहत नाही, मोर्स म्हणजे या छंदाचा पाया, असं काय काय बोलला. दर वाक्याला बाईंकडे बघायचा. टाळ्या पडल्या. मग दिपेश उठला.

"बऱ्याच देशांनी सक्ती कधीच काढलीये," तो म्हणाला. "मी मोर्सच्या विरोधात नाही. सक्तीच्या विरोधात आहे. आपल्याकडे टोल नाक्यासारखं झालंय. टोल भरला, पुढे गेलो, पावती खिडकीतून फेकली."

"मग गाडीचं लायसन्सपण परीक्षेशिवाय द्या सगळ्यांना," मागून फोरमनकाका म्हणाले. हशा झाला.

"काका, गाडी तुम्ही रोज चालवता. मोर्स रोज पाठवता का?"

"अरे तू पाच दिवस आलास वर्गाला. तू काय विचारतोस?"

"बरोबर आहे. पण विचारतोय, इथे कोण वापरतं?"

"सगळे वापरतात," महेश म्हणाला. "आम्ही बाईंचे विद्यार्थी आहोत."

बाईंना ते वाक्य इतकं आवडलं, की त्यांनी लिहून आणलेलं भाषण पिशवीत परत ठेवलं आणि पिशवीतून की नि बझर काढला. पोराला कशाला भाषण ऐकवायचं, त्याच्या डोळ्यांसमोर दाखवावं. टेबलावर पदराने जागा पुसली, की ठेवली, उजव्या हाताचं बोट टेकवलं.

पहिल्यांदा ‘ओम नमः शिवाय’ वाजवलं.

बझरचा आवाज हॉलमध्ये घुमला आणि खुर्च्या सरकल्या. एकोणतीस माणसं एकदम उभी राहिली, हात जोडून. बाकीचेही मग उभे राहिले, दिपेशसुद्धा. फोरमनकाका गुडघा धरून उठले. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी दिपेशकडे पाहिलं. बघ म्हटलं, आहे का कोणी एक विसरलेला?

मग नेहमीप्रमाणे त्या तोंडाने ‘बसा’ म्हणणार होत्या. तोंड उघडलंही होतं. पण की हाताखालीच होती. म्हटलं, आज हेही कीवरच सांगू. बी-ए-एस-ए. चार अक्षरं. त्यांनी ती आठ शब्दांच्या चालीने वाजवली, परीक्षेतल्यासारखी.

कोणी बसलं नाही.

सगळे हात जोडून, हसतमुख, बाईंकडे बघत उभे. देवळात आरती संपल्यावर पुजारी अजून काही म्हणेल म्हणून माणसं थांबतात ना, तसे. बाईंना वाटलं, आपलाच हात घाईचा झाला. त्यांनी पुन्हा वाजवलं, सावकाश. प्रत्येक अक्षरानंतर थांबल्या. बी. ए. एस. ए.

कोणी बसलं नाही.

तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा बाईंचं बोट घसरलं आणि शेवटचं ए धड आलं नाही. तरी चार वर्षांच्या पोराला शिकवावं इतकं सावकाश होतं ते. पुढच्या रांगेत स्वप्नाली शेजारणीला म्हणाली, "मध्ये एस होता ना?" शेजारीण म्हणाली, "मला काय माहीत गं, संपल्यावर बाई सांगतील." फोरमनकाकांचा गुडघा कापत होता, पण ते उभे होते. महेशचे हात जोडलेले होते. तो बाईंकडे बघून मान डोलावत होता, गाणं आवडल्यासारखी.

मागच्या रांगेत एकच माणूस बसला होता. दिपेश.

बाईंना वाटलं, हा उद्धटपणाने बसला. पण त्याचा चेहरा उद्धट नव्हता. तो खाली मान घालून बसला होता, आपलंच काही चुकल्यासारखा. बाईंनी बोट कीवर ठेवलं आणि, आता परीक्षेच्या चालीने नाही, स्वतःच्या, तार ऑफिसातल्या चालीने वाजवलं: कुठे शिकलास.

"दुकानात, बाई," दिपेश म्हणाला. "सेट लावून ठेवतो. ऐकून ऐकून."

उभी असलेली माणसं वळून त्याच्याकडे बघायला लागली. याला कोणी काय विचारलं?

बाईंनी वाजवलं: परीक्षा दिलीस का.

"दिली. मोठा परवाना आहे माझ्याकडे. तीन वर्षं झाली. तुम्हाला सांगायला यायचं होतं, पण म्हटलं, तुम्ही रागावला असाल."

फोनवर बोलणाऱ्याचं एकाच बाजूचं बोलणं ऐकू यावं, तसं ते एकोणतीस जण ऐकत होते. कोणाच्या तरी हातातून किल्ल्यांचा जुडगा पडला. कोणी उचलायला वाकलं नाही.

शेवटी दिपेशच हळूच म्हणाला, "बसा म्हणतायत बाई. मघापासून."

तेव्हा माणसं बसली.

बाई मात्र उभ्या राहिल्या. त्यांच्या कानात काहीच वाजत नव्हतं, असं कधी झालं नव्हतं त्यांचं. त्यांनी पुढच्या रांगेपासून विचारायला सुरुवात केली. आवाज चढला नव्हता, त्यानेच सगळे जास्त घाबरले.

"स्वप्नाली, तू शेवटचं मोर्स कधी पाठवलंस?"

"परीक्षेत, बाई."

"काका, तुम्ही?"

"परीक्षेत. खोटं कशाला बोलू? सेट घेतलाच नाही. सुनेनं गच्चीवर अँटेना लावू दिली नाही."

"तू रे?"

"परीक्षेत."

"मी परीक्षेनंतर एकदा प्रयत्न केला होता, बाई. कोणी उत्तर दिलं नाही. मग माइकवरच बोलतो आता."

असं करत करत त्या महेशपर्यंत आल्या. महेशने खाली बघितलं. त्याच्या घरी चांगला सेट होता, बाईंनी पूजेला जाऊन हळदकुंकू लावलं होतं त्याला.

"तुला तरी नमः शिवाय कळलं ना?" बाईंनी विचारलं.

"ते कळतं, बाई. ते सगळ्यांनाच कळतं." तो थांबला. "म्हणजे, अक्षरं नाही कळत. चाल पाठ आहे. आरतीची चाल लागली की शब्द आपोआप येतात, तसं."

बाई खुर्चीवर बसल्या. स्वप्नालीने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी घेतला पण प्यायल्या नाहीत. बारा वर्षं दर रविवारी त्यांनी पहिलीच गोष्ट हीच वाजवली होती, सगळे उभे राहायचे, आणि त्या मनात म्हणायच्या, बघा, सगळ्यांना वाचता येतं. एकदाही दुसरं काही वाजवून बघितलं नव्हतं. पास झालेल्या एकालाही पुन्हा विचारलं नव्हतं. मुलगी उजवली, तिचं ती बघेल. पोचल्याचा निरोप आला की झालं, असंच केलं होतं त्यांनी. नारळ म्हणजे तो निरोप.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. महेशला ती शांत करायची घाई होती. तो उठून म्हणाला, "चला, विषय लांबला. सवय राहत नाही, कामधंदा असतो, बाई समजून घेतील. आपण मत घेऊ. परीक्षेत मोर्सची सक्ती राहावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

बाईंना खरंच वाटलं होतं, आता फार हात वर होणार नाहीत. माणसाला लाज असते.

एकतीस हात वर झाले. विरोधात दोन, दिपेश आणि त्याच्या शेजारचा एक. उरलेला एकजण चहा आणायला गेला होता.

बाईंनी हातांवरून नजर फिरवली. मघाशी ज्यांना ‘बसा’ कळलं नव्हतं ते सगळे हात होते त्यांत. स्वप्नालीचा होता. काकांचा होता.

"काय रे," त्यांनी महेशला विचारलं, "तुम्हाला येत नाही. मग दुसऱ्यांना कशाला सक्ती?"

"बाई, आम्ही सहा-सहा महिने घोकलं. रविवार गेले. आता पुढच्यांना फुकट मिळणार? हे बरोबर नाही ना."

"आम्ही भोगलं ना," काका म्हणाले, "मग त्यांनीही भोगावं."

भोगावं. बाईंना तो शब्द चटका बसल्यासारखा लागला. त्यांच्या पुढच्या खोलीत, त्यांच्या सतरंजीवर, त्यांच्या हातचा चहा घेत ही माणसं भोगत होती. त्यांच्या सासूबाई अशाच होत्या; स्वतः पहाटे उठून विहिरीचं पाणी ओढलं म्हणून घरात नळ आल्यावरही सुनेला विहिरीवर पाठवायच्या. त्या पाण्याला काही वेगळी चव होती अशातला भाग नाही.

"पत्र दे," त्या स्वप्नालीला म्हणाल्या.

पत्र इंग्रजीत होतं. बाईंनी चष्मा लावला आणि अक्षर अक्षर जुळवत वाचलं. वेळ लागला. कोणी घाई केली नाही. तिसऱ्या ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं.

"ह्याचा अर्थ सांग."

"आमचे सर्व सदस्य मोर्सचा नियमित वापर करतात, असं आहे," स्वप्नाली म्हणाली, आणि तिचा आवाज शेवटी शेवटी इतका बारीक झाला की ‘करतात’ नीट ऐकूही आलं नाही.

"हे काढ."

"बाई," महेश पुढे आला, "ती ओळ पत्राचा जीव आहे. ती काढली तर पत्राला काय अर्थ? वाचणाऱ्याला काय कळतंय कोण वापरतं नि कोण नाही?"

"मला कळतंय."

"तुमचं नाव वर आहे म्हणून तर वजन येणार."

"म्हणूनच."

बाईंनी पेन मागितलं. वरून आपलं नाव खोडलं नाही, त्या ओळीवरही काट मारली नाही. बहुमताने ठरलेलं पत्र होतं, ते बदलायचा हक्क आपल्याला नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी सहीच्या जागेवर, मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘वरील तिसरी ओळ खरी नाही. आज सभेत मी मोर्सवर तीन वेळा बसा म्हटले. माझे एकोणतीस विद्यार्थी उभेच राहिले. एक माणूस बसला, तो माझा विद्यार्थी नाही. शिकवण्यात चूक माझी आहे. सक्तीला माझी संमती नाही.’ आणि खाली सही केली, सगुणा महिपती भोईर.

"हे असं पाठवायचं?" महेशने विचारलं.

"पाठव, नाहीतर फाड. सही मी एकदाच करते."

चहा आला होता. कोणी घेत नव्हतं. आणणारा विचारत होता, काय झालं, काय झालं. बाईंनी की फडक्यात गुंडाळली, पिशवीत टाकली आणि चपला घातल्या. पिशवी घ्यायला दोघे-तिघे पुढे झाले, पण त्यांनी ती कोणाला दिली नाही.

घरी आल्या तेव्हा महिपतींनी भात लावला होता.

"निवडून आलीस का गो?"

बाईंनी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. महिपती आयुष्यभर बायकोच्या कट्-कटीची चेष्टा करत आले होते, पण तेव्हा ते हसले नाहीत. ऐकून झाल्यावर त्यांनी भाताचं पातेलं खाली उतरवलं.

"मंग बारा वर्सं तू त्यांना काय शिकवलास?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"परीक्षा," बाई म्हणाल्या.

रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सोमवार, उपासच होता. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर त्यांनी स्वप्नालीकडून दिपेशचा नंबर घेतला. स्वप्नाली काहीतरी बोलू बघत होती, बाई म्हणाल्या, "नंतर." मग दिपेशला फोन लावला.

"मी भोईर बाई बोलतेय."

पलीकडे पंख्याचा आवाज होता, तो बंद झाला. मग तो म्हणाला, "बोला ना, बाई."

"तू चार वर्षांपूर्वी मला विचारलं होतंस, बोलायचं कोणाशी. मी उत्तर दिलं नव्हतं. मला ठाऊकच नव्हतं ते. माझ्याकडे सेट नाही, कधी नव्हता. हवेवर आता मोर्सवर कोणी आहे का रे खरंच? की मीच एकटी धरून बसलेय?"

"आहेत."

"किती?"

"फोनवर कसं सांगू, बाई? कधी खूप असतात, कधी कोणीच नाही. सकाळी सहा ते सात चांगलं ऐकू येतं. काल एक बाई होती, कुठल्या तरी बेटावरची. फार सुरेख पाठवते. मला पुरतं कळलं नाही, वेगात होती."

"किती वेगात?"

"पंचवीस असेल."

"पंचवीस म्हणजे काही वेग नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी लगेच विचारलं, "उद्या येऊ का?"

"या ना. मी शटर साडेपाचलाच उघडतो. स्टेशनला उतरलात की रिक्षावाल्याला म्हणायचं, कॅम्प पाच, आणि मग मार्केटच्या..."

"तीस वर्षं तार ऑफिसात काढलीत मी तिथे," बाई म्हणाल्या. "तू मला उल्हासनगर सांगू नकोस. दुकानाचं नाव सांग."